वाऱ्याचं पेड अ‍ॅप: उन्हाळा अधिक अख्खा पावसाळा वापरून

परवा अपडेट आला आणि वाऱ्याचा वेग परत नॉट्समध्ये, म्हणजे जहाजवाल्यांच्या मापात. सेटिंगमध्ये जाऊन किमी प्रति तास करून ठेवलं की पुढच्या अपडेटपर्यंत टिकतं, मग परत नॉट्स. अरे मी सायकल चालवतो, जहाज नाही. पहाटे साडेपाचला चहा गॅसवर ठेवून 18 ला 1.85 नं कोण गुणत बसणार? 18 बघून माणूस म्हणतो चला ठीके, आणि ते निघतात 33. सपोर्टला मेल टाकला तर "तुमचा अभिप्राय मोलाचा आहे", परत टाकला तर "अ‍ॅप काढून पुन्हा टाकून बघा". वर्षाचे बाराशे भरलेत हो, तेवढ्यात एक बरं टायर येतं.

नकाशे, रंग वगैरे सगळ्यांना माहितीये, ते सांगत नाही. पेड घेतलं ते तासातासाच्या आकड्यांसाठी आणि गस्टच्या, म्हणजे मधूनच येणाऱ्या जोरदार झोताच्या कॉलमसाठी.

आमचा नेहमीचा रूट म्हणजे साताऱ्यातून बोगदा, परळी, सज्जनगडाचा पायथा, ठोसेघर आणि दम उरला तर चाळकेवाडी. जिथे डोंगरभर पवनचक्क्या उभ्या केल्यात तिथे वारा असतो हे कळायला पैसे कशाला, असं ग्रुपवर सगळे म्हणत होते आणि एप्रिलपर्यंत मलापण तेच वाटत होतं. उन्हाळ्यात सकाळी वारा पडलेला असतो, ऊन तापलं की सुटतो, संध्याकाळकडे पश्चिमेचा वाढतो, हे गुराख्यालापण माहितीये. आणि वळवाच्या बाबतीत तर अ‍ॅप साफ आंधळं. दाखवतंय पश्चिमेचा 12, आणि ठोसेघरच्या अलीकडे ढग आला की वारा गर्रकन फिरून गार झोत, डोळ्यात धूळ, मग टपोरे थेंब. त्यासाठी हवामान खात्याचा पुढच्या तीन तासांचा जिल्ह्याचा इशारा बघा, फुकट आहे. तोपर्यंत माझे दोन स्टार होते.

जूनमध्ये मत बदललं. पावसाळ्यात वारा पश्चिम-नैऋत्येचा, दिवसभर, रात्रीपण फारसा पडत नाही, त्यामुळे लवकर निघून उपयोग नाही. बघायचं ते गस्ट. सरासरी 22 आणि गस्ट 28 असेल तर जाता येतं, डोकं खाली घालून शिव्या देत. सरासरी तीच 22 पण गस्ट 50, तर वर पठारावर आडवा झोत बसला की सायकल सरळ रस्त्याच्या मध्यात जाते आणि मागून पिकअप येत असेल तर विषयच संपला. असल्या दिवशी मी परळीवरून मागे फिरतो, कोण काय म्हणायचं ते म्हणू दे. नुसता सरासरीचा आकडा बघून हे कधीच कळलं नसतं.

समोरचा वारा पण हलक्यात घेऊ नका, आपण 20 नं चाललोय आणि समोरून 20 चा आला तर हवेचा रेटा दुप्पट नाही, चौपट होतो. म्हणून पावसाळ्यात कास किंवा ठोसेघर, चढ आणि वारा दोन्ही जातानाच भोगून घ्यायचं, येताना पाठीवर. कोरेगावकडे गेलात तर जाताना मजा आणि येताना रडारड.

अजून एक, आकडा जमिनीपासून 10 मीटरवरचा असतो आणि अंदाज काढणाऱ्या कॉम्प्युटर मॉडेलचा नकाशावरचा एकेक चौकोन काही किलोमीटरचा, त्यात खोरं आणि कडा एकत्रच मोजले जातात. परळीत पान हलत नसतं आणि वर उभं राहता येत नाही. पिन चाळकेवाडीवर टाका, साताऱ्यावर नाही.

आता साडेतीन स्टार, अर्धा स्टार निव्वळ नॉट्सचा कापलाय. हिवाळ्यात ह्याचं काही काम नाही, महिन्याचा प्लॅन असता तर जून ते सप्टेंबर एवढाच घेतला असता, पण तो मुद्दामच ठेवलेला नाही. ऑटो-पे बंद केलंय. एक लॉगिन दोन फोनवर चालतं हे बघून ठेवलंय, तर सातारा-वाई भागातलं कोणी निम्मे पैसे काढणार असेल तर मेच्या आत बोला.