न्यू जर्सी, टेक्सास की कॅलिफोर्निया: घरपट्टी आणि शाळा बघून घर घेताना

घर शोधणारी मराठी जोडपी दोन गोष्टी हमखास विचारतात: टॅक्स किती आणि शाळा कशी? अमेरिकेत हे दोन्ही प्रश्न मुळात एकच आहेत, कारण शाळा बऱ्याच अंशी गावाच्या घरपट्टीवर चालतात. पुण्याच्या मिळकतकराच्या बिलातही शिक्षण कराची ओळ असते, पण शेजारच्या शाळेचा दर्जा तिच्यावर ठरत नाही. इथे बऱ्याच अंशी ठरतो. महागड्या घरांच्या गावाला कमी दरातही भरपूर पैसा मिळतो. गरीब गाव दर वाढवूनही कोरडंच. टेक्सासातल्या सॅन अँटोनियोच्या पालकांनी याविरुद्ध लढलेला खटला १९७३ साली सर्वोच्च न्यायालयात ५ विरुद्ध ४ असा हरला. त्यामुळे न्यायाची वाट राज्याराज्यांनाच शोधावी लागली.

मी न्यू जर्सीत राहतो, तेव्हा आधी घरचं दुखणं. फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर असे चार हप्ते. बिलावर गाव, काउंटी, शाळा असे वाटे छापलेले असतात आणि सगळ्यात जाड वाटा शाळेचा. राज्यातली सरासरी वर्षाला १०,००० डॉलरच्या वर गेली आहे. पण शाळांच्या पैशाबाबत न्यायालयाने दिलेल्या दट्ट्यामुळे १९७६ साली इथे राज्याचा प्राप्तिकर आला, आणि पुढे न्यूअर्क, कॅमडेनसारख्या ३१ गरीब शहरी शाळा-जिल्ह्यांना (म्हणजे आपल्या हद्दीतल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक मंडळांना) श्रीमंत उपनगरांच्या बरोबरीने पैसा द्यायला राज्याला भाग पाडलं गेलं. तिथल्या ३-४ वर्षांच्या मुलांना बालवाडीही मोफत मिळाली. कर जबर आहे, पण तो कुठे जातो ते दिसतं.

कॅलिफोर्नियाचं गणित गोड वाटतं आणि तिथेच फसगत होते. १९७८ च्या प्रपोझिशन १३ या मतदारांनी मंजूर केलेल्या नियमानुसार मूळ कर खरेदी किमतीच्या १ टक्का, आणि करपात्र किंमत वर्षाला फार तर २ टक्के वाढते. समजा, एका गल्लीत दोन सारखी घरं आहेत. आजोबांनी १९८५ मध्ये दीड लाखाला घेतलेल्या घराची करपात्र किंमत आज जेमतेम सव्वातीन लाख, म्हणजे कर साधारण ३,३०० डॉलर. तुम्ही शेजारचं पंधरा लाखांना घेतलंत तर १५,०००, वर स्थानिक बाँडचा (कर्जरोख्यांच्या फेडीचा) भार वेगळा. मुलं मात्र त्याच शाळेत! शाळांच्या वाटपात राज्याने २०१३ पासून गरीब आणि इंग्रजी शिकणाऱ्या मुलांना जादा पैसा दिला, ते चांगलंच. घरमालकांमधला अन्याय मात्र तसाच राहिला. पंचवीस वर्षं तिथेच राहणार असाल तर तो तुमच्या बाजूने झुकेल, एवढाच दिलासा.

टेक्सासात राज्याचा प्राप्तिकर नाही, म्हणून घरपट्टीवर भिस्त. राहत्या घराच्या शाळा-करात आता १,४०,००० डॉलरची सूट आहे. ५ लाखांच्या घरावर हा कर ३ लाख ६० हजारांवरच लागतो. मूल्यांकन दरवर्षी होतं आणि मे महिन्यात त्यावर हरकत घेणं हा तिथला घरोघरचा सण. श्रीमंत शाळा-जिल्ह्यांचा जादा पैसा राज्य गरीब जिल्ह्यांसाठी काढून घेतं. लोक त्याला 'रॉबिन हूड' म्हणतात, पण मोठी रक्कम मोजणाऱ्या ऑस्टिनच्या शाळांतही गरीब मुलं भरपूर आहेत, त्यामुळे हे नाव मला पटत नाही.

मिशिगनने १९९४ मध्ये विक्रीकर ४ वरून ६ टक्के केला आणि राहत्या घरावरचा शाळा-कर बराच उतरवला. गावागावांतली दरी कमी झाली. पण दुकानात गरिबालाही तोच ६ टक्के.

माझा कौल? शाळा आठ-दहा वर्षंच लागणार असेल आणि पगार पेलत असेल तर न्यू जर्सी. मोठा पगार नि मध्यम घर असेल तर टेक्सास. कॅलिफोर्निया नोकरीसाठी घ्या, कमी टॅक्सच्या आशेने नको.

आणि कॅलिफोर्निया किंवा मिशिगनमधल्या घराच्या जाहिरातीत टॅक्सचा जो आकडा दिसतो तो जुन्या मालकाचा असतो. घर नावावर झालं की करपात्र किंमत नव्याने ठरते: मिशिगनमध्ये पुढच्या वर्षी, आणि कॅलिफोर्नियात तर फरकाचं वेगळं बिल मागाहून टपालाने येतं. बँकेच्या हप्त्यात ते बहुधा धरलेलं नसतं, तेवढे पैसे बाजूला काढून ठेवा.