सशाचे दात कापून आणल्यावर क्रिटिकल केअर पावडर वापरली, त्याचा अनुभव

ऑक्सबो कंपनीची क्रिटिकल केअर म्हणजे आजारी सशाला पाण्यात कालवून सिरिंजने पाजायची गवताची पावडर. तिला मी पाच पैकी पाच देतोय, फक्त एक अट आहे, पाकीट ऑपरेशनच्या आधी घरात पाहिजे. नंतर मागवू म्हणालात तर ससा तेवढा थांबत नाही. आम्ही थांबलो होतो म्हणून सांगतोय.

आमचा ससा भुंगा, काळा कुळकुळीत, पाच वर्षांचा, वजन १.८ किलो. मार्चच्या शेवटी त्याचं काहीतरी बिनसलं. कोथिंबीर दिली की पळत यायचा, तोंडात धरायचा आणि सोडून द्यायचा, म्हणजे भूक आहे पण चावता येत नाही. हनुवटीखालचे केस ओले, लेंड्या बारीक बारीक, आणि कोपऱ्यात पाठ वर काढून बसून कर्रकर्र दात खायचा. पुढचे दात बघितले तर सरळ होते, त्यामुळे आम्हाला वाटलं उन्हामुळे असेल, कोल्हापुरात शिवाजी पेठेत आमचं वरच्या मजल्यावर पत्र्याचं घर आहे, एप्रिलच्या तोंडाला तापतंच. यात चार दिवस गेले, ते आजपण मनाला लागतंय.

पुण्याला नेल्यावर कळलं की दुखणं मागच्या दातांचं आहे. सशाला २८ दात असतात आणि सगळेच्या सगळे आयुष्यभर वाढत राहतात, ते झिजतात गवत चावून. गवत कमी पडलं की दाढांना कडेला टोकं येतात, खालच्या दाढांची टोकं जिभेला कापतात आणि वरच्यांची गालाला. भुंग्याच्या जिभेला डाव्या बाजूला जखम होती. तीन वर्षं आम्ही त्याला दुकानात मिळतं ते रंगीत दाण्यांचं मिक्स घालत होतो, दुकानदार म्हणाला होता सशाचंच खाणं आहे, आणि गवत म्हणजे आपलं कधीतरी मिळालं तर. ते मिक्स त्याच दिवशी बंद केलं.

ऑपरेशन म्हणजे गॅसची भूल देऊन टोकं मशीनने घासून काढली. आदल्या रात्री उपाशी ठेवू नका असं तिथल्या डॉक्टरांनी दोनदा बजावलं, कारण सशाला उलटी होतच नाही आणि पोट रिकामं राहिलं की आतडं थंडावतं. इथे आधी एका ठिकाणी दाखवलं होतं तिथे नेमकं उलटं सांगितलेलं, रात्रभर काही देऊ नका म्हणून. बरं झालं पुढे जाऊन विचारलं. पहाटे चारला निघालो, पिंजऱ्यात टॉवेलमध्ये गुंडाळलेली बर्फाची बाटली ठेवली आणि गाडीत गाणी बंद. संध्याकाळी त्याला घेऊन परत कोल्हापूर.

आणि मग खरी परीक्षा. रात्री दहाला भुंगा घरात, समोर गवत, समोर मेथी, आणि तो तोंड लावेना. डॉक्टरांनी सांगितलं होतं की बारा तास पोटात काही गेलं नाही तर ती इमर्जन्सी समजायची. पावडर ऑनलाइन मागवलेली होती पण कुरिअर अडकलेलं. त्या रात्री आम्ही गवताच्या पेलेट, म्हणजे दाबून केलेल्या गोळ्या, कोमट पाण्यात भिजवून, मिक्सरमधून काढून, गाळून पाजल्या. डॉक्टरांना फोन करून विचारूनच केलं. त्यावर रात्र निघाली, पण सिरिंज दर दोन मिनिटांनी तुंबत होती आणि पोटात गेलं किती, टॉवेलला लागलं किती, काही कळत नव्हतं. आज्जी शेजारी बसून म्हणत होती, "आरं लेकराचं तोंड दुखतंय, तांदळाची पेज पाज की जरा." तिचा जीव तुटत होता, पण पेज म्हणजे नुसता स्टार्च, सशाच्या पोटात त्याने गॅस होतो. त्याला धागा लागतो, म्हणजे फायबर, त्यावरच आतडं चालतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाकीट आलं. पावडरमध्ये पहिला घटक टिमोथी गवत आहे, वास वाळलेल्या गवताचाच येतो. फ्लेवर दोन बघितले, एक बडीशेपेसारख्या वासाचा अनीस आणि एक ॲपल-बनाना. आम्ही दुसरा घेतला कारण भुंग्याला केळ्याचं वेड आहे. एक भाग पावडर, दोन भाग कोमट पाणी, पाच मिनिटं ठेवायचं म्हणजे फुगतं, मग लागलं तर अजून थोडं पाणी. आम्हाला डॉक्टरांनी दिवसाला एकूण ९० मिली सांगितलं होतं, ते पाच वेळात, म्हणजे एका वेळी १८ मिली. तुमच्या सशाचं वजन वेगळं, तब्येत वेगळी, तुमचा आकडा तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या. आणि पोट ढोलासारखं टणक लागत असेल तर काहीही पाजू नका, आधी फोन करा, आत अडकलं असेल तर वरून भरणं धोक्याचं आहे.

सिरिंजचं मी सांगतो कारण आम्ही त्यातच जास्त वेळ घालवला. मेडिकलमध्ये मिळते ती १० मिलीची चालते पण तिचं टोक बारीक असतं, धागे अडकतात, मग जोरात दाबायला जावं तर एकदम भसकन सगळं तोंडात, आणि ते श्वासात गेलं तर न्यूमोनिया. टोक कापलं, कड नेलफाइलने घासून गुळगुळीत केली, मग काम सोपं झालं. ससा पाठीवर झोपवायचा नाही. टॉवेलमध्ये चपातीच्या रोलसारखा गुंडाळायचा, डोकं बाहेर, मांडीवर सरळ बसवायचा, आणि पुढचे दात आणि दाढा यांच्या मधे मोकळी जागा असते तिथून बाजूने सिरिंज सरकवायची. एका वेळी एकच मिली. चावताना दिसलं की मग पुढचं. मेलोक्सिकॅमचं दुखण्याचं औषध डॉक्टरांनी दिलेलं, ते पाजण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी दिलं की भुंगा कमी झगडायचा, हे ताईने दुसऱ्या दिवशी शोधून काढलं आणि मग तीच टाइमटेबल सांभाळायला लागली. माणसाची गोळी तोडून देऊ नका, आणि घरात पडलेलं ॲमॉक्सिसिलिन तर अजिबात नको, तोंडाने दिलेलं पेनिसिलिन सशाच्या पोटातले चांगले जंतूच मारतं, त्यात ससे दगावतात.

पहिल्या दिवशी १८ मिलीला चाळीस मिनिटं लागली. तिसऱ्या दिवशी तो स्वतः सिरिंज चाटायला लागला. चौथ्या दिवशी सकाळी पिंजऱ्यात लेंड्या मोजल्या तर त्र्याऐंशी, आणि आदल्या दिवशीच्या छोट्या वेड्यावाकड्या सोडून गोल गोल, मी सरळ ताईला हाक मारून उठवलं. आज्जीने देवाजवळ साखर ठेवली.

पावडर हे कायमचं खाणं नाही, पूल आहे, पलीकडे गवतच आहे. म्हणून रोज त्याच्यासमोर गवत ठेवत गेलो, पहिले दोन दिवस कात्रीने बारीक कापून मऊ मऊ काड्या. हिरवं म्हणाल तर कपिलतीर्थ मंडईतून रोज सकाळी कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा पाला, धुऊन ओलंच, बारीक चिरून. हरळी कसबा बावड्याच्या आमच्या मामांच्या बांधावरची, औषध न मारलेली. मामा उसाचं वाडंही देत होते, म्हशीला घालतात तसं, पण त्याची कड धारेची असते आणि भुंग्याच्या जिभेला जखम, म्हणून नको म्हटलं. लसूणघास पण मोठ्या सशाला रोज नको, त्यात कॅल्शियम जास्त.

आठव्या दिवशी त्याने पहिल्यांदा अख्खी काडी तोंडात घेतली आणि ती टोकापासून टोकापर्यंत चावत आत ओढली. तो कर्रम कर्रम आवाज मी महिनाभर ऐकला नव्हता. त्या दिवसापासून सिरिंज कमी केली, आधी तीनदा, मग दोनदा, आणि दहाव्या दिवशी बंद. वजन रोज सकाळी किचनच्या काट्यावर करत होतो, ऑपरेशननंतर १.६ वर गेलेलं, तीन आठवड्यांनी परत १.७५.

पाकिटाबद्दल अजून एक, कालवलेलं उरलं तर फ्रीजमध्ये ठेवा आणि एका दिवसात संपवा, नाहीतर फेका. फोडलेलं पाकीटही घट्ट बंद करून फ्रीजमध्येच. स्वस्त नाहीच, बाहेरून येणारा माल आहे, आणि मी राजारामपुरी, शाहूपुरी, लक्ष्मीपुरी फिरलो, मला तयार कुठे मिळालं नाही. त्यामुळे मागवूनच ठेवावं लागतं.

दाढा परत वाढणार, डॉक्टर म्हणाले दोन महिन्यांनी तोंड दाखवायला आणा. आमचं पाकीट अर्धं उरलंय, जायच्या आधी दुसरं मागवलंय, या वेळी पंधरा दिवस आधी.