स्टॅक्स/व्होल्ट सिंगल्सचा नऊ सीडींचा संच: काही महिने ऐकल्यानंतर

पावसाळ्याच्या तोंडावर 'द कम्प्लीट स्टॅक्स/व्होल्ट सिंगल्स 1959–1968' हा संच सेकंडहँड मिळाला. स्टॅक्स ही अमेरिकेतल्या मेम्फिस शहरातली सोल संगीताची रेकॉर्ड कंपनी, व्होल्ट हे तिचंच दुसरं लेबल, आणि सिंगल्स म्हणजे एकेका गाण्याच्या छोट्या रेकॉर्ड. संच अटलांटिक या दुसऱ्या रेकॉर्ड कंपनीने 1991 साली काढलेला, नऊ सीडी, 244 गाणी. आता थंडी पडली, तरी रात्री जेवणं आटोपली की त्यातली एखादी सीडी लागतेच. गाणी तारखेनुसार लावली आहेत आणि खरी मजा त्या क्रमात आहे. आवडती गाणी वेचून ऐकलीत तर संच घेण्यात फारसा अर्थ नाही.

कारण यातले खरे नायक साथीदार आहेत. मेम्फिसच्या मॅकलमोर अव्हेन्यूवरच्या बंद पडलेल्या कॅपिटल थिएटरमध्ये जिम स्टुअर्ट आणि त्याची मोठी बहीण एस्टेल ॲक्स्टन यांनी स्टॅक्सचा स्टुडिओ थाटला. रेकॉर्डिंग मशीनसाठी एस्टेलबाईंनी राहतं घर गहाण टाकलं होतं. प्रेक्षागृहाची उतरती जमीन तशीच राहिली. खाऊच्या स्टॉलच्या जागी बाईंचं रेकॉर्डचं दुकान आलं. गल्लीतली पोरं कशावर नाचतात हे त्यांना तिथेच कळायचं. गोऱ्या-काळ्यांनी एकत्र बसणंही अवघड होतं अशा त्या शहरात बुकर टी. जोन्स आणि ड्रमर अल जॅक्सन हे दोन कृष्णवर्णीय, स्टीव्ह क्रॉपर आणि 'डक' डन हे दोन गोरे, असे चौघे रोज एका खोलीत वाजवत होते. गायक कुणीही येवो, साथीला बहुतेक वेळा हीच मंडळी.

पहिली सीडी कच्ची आहे. बरीच गाणी त्या काळच्या इतर कंपन्यांच्या चालीवर बेतलेली वाटतात. 1962 च्या 'ग्रीन अनियन्स' या बुकर टी.च्या बँडच्या वाद्यसंगीतापाशी (डन तेव्हा अजून आला नव्हता, बास ल्यूई स्टाइनबर्गचा) स्वतःचा बाज सापडतो. मग 1965 नंतरची गाणी कान देऊन ऐका. दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर पडणारा स्नेअर ड्रम केसभर उशिरा येतो, आणि क्रॉपरची गिटार त्याच क्षणी, त्याच उशिराने वाजते. लय जराही ढळत नाही, पण सगळं गाणं ऐसपैस होतं. हे एका गाण्यात कळत नाही. सीडीमागून सीडी ऐकताना अंगात भिनतं.

1966 च्या 'ट्राय अ लिटिल टेंडरनेस'मध्ये जॅक्सन सुरुवातीला जवळजवळ गप्प आहे. मग ड्रमच्या कडेवर काठीची बारीक टिकटिक सुरू होते. ओटिस रेडिंग अजून सावकाश गातोय, टिकटिक मात्र दुपटीत चालली आहे. पुढे जे उसळतं त्याची सगळी तयारी त्या टिकटिकीत असते. मी तेवढाच भाग कितीदा मागे नेऊन ऐकला असेन!

पण माझ्यासाठी हा संच अनमोल ठरला तो फारशा न गाजलेल्या आवाजांमुळे. रूबी जॉन्सनचं 'आय'ल रन युअर हर्ट अवे' (1966) ऐकाच. आयझॅक हेज आणि डेव्हिड पोर्टर यांचं गाणं, चाल संथ. बाईंचा आवाज खरखरीत, आणि वरच्या सुरात तो फाटतो तेव्हा त्या तो सावरायला जात नाहीत. मेबल जॉनबाईंचं 'युअर गुड थिंग'ही त्याच वर्षीचं; त्या चिडत नाहीत, नुसतं बजावतात. वेंडी रेनीचं 1964 चं 'आफ्टर लाफ्टर' हिप-हॉपवाल्यांना ओळखीचं वाटेल, कारण वू-टँग क्लॅनने त्याचा तुकडा घेतला आहे. इथे ते अख्खं ऐकायला मिळतं, त्या रडव्या ऑर्गनसकट.

उणिवा आहेत. नाव 'कम्प्लीट' असलं तरी बी-साइड, म्हणजे रेकॉर्डच्या मागच्या बाजूची गाणी, निवडकच घेतली आहेत. रूफस थॉमसची कुत्र्यावरची नाचगाणी पाठोपाठ येतात तेव्हा कंटाळा येतो. ध्वनिमुद्रण मोनो आहे, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज. हेडफोनवर ते डोक्यात दाटतं, साध्या स्पीकरवर मस्त मोकळं वाजतं. रॉब बोमन यांची पुस्तिका मात्र जपून ठेवावी अशी आहे.

शेवटची सीडी एका बैठकीत ऐकणं जड जातं. 10 डिसेंबर 1967 ला विमान अपघातात ओटिस गेला, वय 26. त्याचं 'डॉक ऑफ द बे' जानेवारीत आलं, आणि काही गाण्यांनंतर विल्यम बेल त्याला श्रद्धांजली गातो. त्याच 1968 साली अटलांटिकशी असलेला स्टॅक्सचा वितरणाचा करार संपला, आणि तोवरच्या मास्टर टेप (गाण्यांची मूळ ध्वनिमुद्रणं) अटलांटिकच्याच मालकीच्या असल्याचं स्टॅक्सला कळलं. म्हणून हा संच तिथे थांबतो. पुढची वर्षं आणखी दोन संचांत आहेत, पण पैसे एकाच संचापुरते असतील तर बिनधास्त हाच घ्या.