जुन्या कॅसेट कंप्युटरवर उतरवून देणारं रावपुऱ्यातलं दुकान

आई-वडिलांच्या आवाजाच्या कॅसेट ज्यांच्या कपाटात पडून आहेत, त्यांच्यासाठी मुद्दाम लिहिते आहे. बडोद्यात रावपुऱ्याच्या मुख्य रस्त्यावरून आत वळलं की पहिल्या मजल्यावर हे दुकान आहे. बाहेर पाटी पेटीदुरुस्तीची आहे, पण दुकानवाले काका कॅसेटही उतरवून देतात. आईच्या सगळ्या कॅसेट मी त्यांच्याकडे दिल्या. पाचपैकी साडेचार तारे. अर्धा का कापला ते पुढे येईलच.

आधी आईबद्दल सांगते, कारण त्याशिवाय या कामाचं मोल कळणार नाही. तिचं माहेर नगरचं. नारायण वामन टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले, पुढे नगरला राहिले आणि अभंग-पदांच्या चालीवर त्यांनी येशूची भजनं रचली. आईच्या घरी सकाळ त्या भजनांनीच व्हायची. शाब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चच्या मुलांच्या वर्गात, टाळ वाजवत ती गायला शिकली. लग्न होऊन बडोद्याला आली, तर इथल्या आमच्या मंडळीची (चर्चची) उपासना गुजरातीत. लिपी येत नव्हती, म्हणून शेजारणीला एकेक भजन म्हणायला लावून तिनं ती देवनागरीत वहीत उतरवून घेतली. पुढे तीच पेटीवर बसायला लागली आणि हात थरथरू लागेपर्यंत बसली.

नोकरी नर्सची. रात्रपाळी करून आली की आधी आमचे डबे, मग आंघोळ, मग पेटी. पाळकांनी रविवारसाठी सांगितलेली गीतं शनिवारी रात्री भाकऱ्या थापताना गुणगुणून घ्यायची. फतेगंजात कुणाकडे मयत झाली की रात्री-अपरात्री बोलावणं यायचं, आणि ती पदर खोचून निघायची. गाण्याचा पैसा कधी घेतला नाही. बाबा गेले तेव्हा धाकटा भाऊ शाळेतही जात नव्हता. त्याच रविवारी ती उपासनेला गेली आणि गायली. लोक बोलले. ती म्हणाली, "घरात रडले तर पोरं घाबरतात. तिथं रडताही येतं आणि गाताही येतं."

आणि या कॅसेट म्हणजे तिची पत्रं. आजीला वाचता येत नव्हतं. मामानं आखातातून टू-इन-वन (रेडिओ आणि टेप एकत्र) आणला, तेव्हापासून आई नगरला कागदाऐवजी कॅसेट धाडायची. सुरुवातीला खुशाली: धाकट्याला दात आले, हिला गोवर येऊन गेला, तांदूळ महागले. मग दोन-तीन भजनं, मग प्रार्थना, आणि शेवटी "आता बाजू संपत आली गं आई." आजी गेल्यावर मामीनं सगळा डबा परत पाठवला. आईला जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

याआधी मी शहरातल्या दुसऱ्या एका ठिकाणी एक कॅसेट दिली होती. त्यांनी खरखर काढण्याच्या नादात आईच्या आवाजातला सगळा वारा काढून टाकला. स आणि श ऐकूच येईनात. वर मधलं बोलणं "फालतू" म्हणून कापून फक्त गाणी दिली. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. रावपुऱ्यात काकांनी पहिलाच प्रश्न विचारला, "बेन, काय काय ठेवायचं ते आधी सांगा." मी म्हटलं, सगळं. मग त्यांनी दोन प्रती करायचं ठरवलं: एक जशीच्या तशी, तिला हातही लावायचा नाही; दुसरीत फक्त पंख्याची घरघर थोडी खाली आणायची. कुकरच्या शिट्ट्या, भावाचं रडणं, पेटीच्या भात्याचा श्वास, सगळं दोन्हींत आहे.

कामाची पद्धत मी शेजारी बसून पाहिली. पट्टीला हेडवर (टेपमधल्या आवाज वाचणाऱ्या भागावर) दाबून धरणारी कापसासारखी मऊ गादी बऱ्याच कॅसेटमधून गळून पडली होती. ती नवी बसवली. एका कॅसेटचं खोकं स्क्रूचं नव्हतं, चिकटवलेलं होतं. ते फोडून पट्टी दुसऱ्या खोक्यात घातली. बुरशी आलेली पट्टी हातानं सावकाश फिरवत साफ केली. प्रत्येक कॅसेट लावण्याआधी हेड आणि रबरी चाक पुसायचं, मग बारीक स्क्रूनं हेडचा कोन जुळवायचा. कोन जुळला की गोधडीखालून येणारा आवाज एकदम समोर येतो, हे मी माझ्या कानांनी ऐकलं.

पण मी मानलं ते याच्या पुढच्या गोष्टीला. तीन-चार कॅसेटमध्ये आईचा आवाज पातळ, पोरसवदा वाटत होता आणि लय धावत होती. मला वाटलं, तरुणपणी अशीच गात असेल. काका सूरसागरच्या काठच्या संगीत कॉलेजात शिकलेले (1886 साली सयाजीरावांच्या आश्रयानं गायक मौलाबक्षांनी सुरू केलेली गायनशाळा ती हीच). त्यांनी विचारलं, "आई कुठल्या पट्टीत गात?" काळी चार, म्हणजे पेटीवरची चौथी काळी पट्टी, हे आमच्या घरात पोरासोरालाही ठाऊक. "मग इथं त्याच्या अर्धा सूर वरची पांढरी सहा का लागते?" त्यांनी उलगडून सांगितलं. कॅसेटची पट्टी सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर चालायला हवी. भरताना टेपरेकॉर्डरच्या आतला फिरवणारा रबरी पट्टा सैल असला तर ती हळू सरकते, आणि नीट यंत्रावर लावली की सूर चढतो. वेगात शंभराला सहाचा फरक म्हणजे अर्धा सूर. त्यांनी मला घरची पेटी आणायला लावली, आधी तिचे सूर तपासले, मग काळी चार धरून कॅसेटचा वेग त्याच्याशी मिळेपर्यंत उतरवत नेला. आणि आईचा आवाज आला. भरदार, किंचित घोगरा, रात्रपाळीनंतरचा. कुठलंही यंत्र विकत आणून हे मला घरी जमलं नसतं. त्याला सूर कळणारा माणूसच लागतो.

आता उणीव. फाइलींना नुसते आकडे दिले. कॅसेटवर आईच्या अक्षरात "नाताळ, नगर" असं लिहिलेलं असताना ते टाइप करायला काय हरकत होती? मला सगळं ऐकून नावं द्यावी लागली. जिना उभा आहे, कठडा एकाच बाजूला. गुडघेदुखीवाल्यांनी कुणाला तरी सोबत न्यावं. सांगितलेल्या तारखेला काम मिळत नाही, आणि नवरात्राच्या आसपास तर देऊच नका, तेव्हा काका साउंडवाल्यांच्या कामात बुडालेले असतात.

दर कॅसेटमागे तीनशे रुपये, खोकं बदलायचे वेगळे. बाजारात याहून स्वस्त मिळेल. घासाघीस मी केली नाही.

देण्याआधी दोन गोष्टी करा. कॅसेटच्या वरच्या कडेचे प्लास्टिकचे दोन्ही चौकोनी तुकडे मोडून टाका, म्हणजे चुकून त्यावर दुसरं काही भरलं जाणार नाही. आणि "चालते का बघू" म्हणून घरच्या जुन्या टेपवर लावू नका. पट्टी गुंतली की ओढू नका, तशीच पिशवीत घालून घेऊन जा. दुकान दुपारी एक ते चार बंद असतं.