हप्ता अडकलाय म्हणून अंगठा देण्याआधी

पीएम किसानचे वर्षाला 6,000 रुपये, 2,000 च्या तीन हप्त्यांत. गोव्यात हा हप्ता अनेकांचा खरोखरच अडकतो, कारण जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर अजून आजोबांचंच नाव असतं किंवा कुळाची नोंद अर्धवट राहिलेली असते. म्हणून ‘तुमचा हप्ता थांबलाय’ हा निरोप चटकन पटतो, आणि भामट्यांना तेवढंच हवं असतं.

‘केवायसी करून देतो’ म्हणत कोणी मशीन घेऊन वाड्यावर येतो. अंगठा टेकवायला सांगतो, मग ‘सर्व्हर गेला’ म्हणत पुन्हा एकदा. आधारवरून पैसे काढायला ओटीपी लागत नाही, पिनही नाही. आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि बोटाचा ठसा पुरतो. एका व्यवहारात 10,000 रुपयांपर्यंत निघतात. ठसा केवायसीसाठी घेतला की पैसे काढायला, हे स्क्रीन पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि स्क्रीन असतो त्याच्या हातात. स्क्रीन बघू दे म्हणा. नाही म्हणाला तर बोट लावू नका.

याहून लबाड प्रकार आहे तो दुसरं खातं उघडण्याचा. आधारवर येणारं सरकारी अनुदान पासबुकातला खाते क्रमांक बघून येत नाही. आधारला त्या घडीला जी बँक जोडलेली असेल तिथे जातं. अशी बँक एका वेळी एकच असते आणि शेवटची जोडणी खरी धरली जाते. तुमच्या अंगठ्यावर तुमच्याच नावाने नवं खातं उघडून आधार तिकडे जोडला, की पुढचे हप्ते तिकडे जमा होतात. जुन्या खात्यातून एक पैसाही गेलेला नसतो, त्यामुळे चोरीचा संशयच येत नाही. लोक वर्षभर कृषी कार्यालयालाच दोष देत बसतात. मायआधार संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघा. अनोळखी बँक दिसली तर आपल्या शाखेत आधार पुन्हा जोडण्याचा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

व्हॉट्सॲपवर ‘पीएम किसान’ नावाची एपीके फाईल, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाईल, आली तर उघडू नका. ती एसएमएस वाचायची परवानगी मागते आणि बँकेचे ओटीपी परस्पर पुढे पाठवते. ओळखीच्या नंबरवरून आली तरी विश्वास नको. बाधित फोन तीच फाईल सगळ्या संपर्कांना पाठवतो.

खरी अडचण कुठे आहे ते पीएमकिसान डॉट गव्ह डॉट इन वर ‘नो युवर स्टेटस’मध्ये दिसतं: ई-केवायसी, आधार-बँक जोडणी की जमिनीची नोंद. केवायसी तिथेच ओटीपीने होते, जोडणी बँकेत, जमिनीचं काम उतारा घेऊन विभागीय कृषी कार्यालयात. यासाठी दारावर येणाऱ्या माणसाची गरज नाही.

एमआधार ॲपमधून बायोमेट्रिक लॉक करून ठेवा. लॉक असताना रेशनच्या दुकानातही अंगठा चालणार नाही, तेव्हा जाण्याआधी तात्पुरतं उघडा.

पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. बँकेला त्याच दिवशी लेखी कळवा. कळवल्यानंतर होणाऱ्या नुकसानीचा भार बँकेवर येतो. ती एपीके फाईल उघडली असेल तर आधी फोनचं इंटरनेट बंद करा आणि सिम काढा. निरोप, नंबर आणि फाईलचं नाव दुसऱ्या फोनने टिपून घ्या, आणि त्यानंतरच फोन रीसेट करा.