थॅलेसेमियाची वाहक तपासणी : कॉलेजचा हॉल की गरोदरपणाची पहिली नोंदणी?

थॅलेसेमियाचे वाहक शोधायला तालुक्याला वर्षाकाठी हजारभर एचपीएलसी (रक्तातले हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणाऱ्या) तपासण्यांपुरता निधी मिळाला, तर त्या कोणाच्या करायच्या? हा प्रश्न विटा-आटपाडीकडे काय आणि पाटण-जावळीकडे काय, सारखाच पडतो. एक मत पडते कॉलेजच्या मुलामुलींकडे, दुसरे उपकेंद्रात नाव नोंदवायला येणाऱ्या गरोदर बायकांकडे. दोन्हीकडची रजिस्टरं हाताळल्यावर माझा कल एका बाजूला झुकलेला आहे. पण दुसरी बाजू हलकी आहे, असे मी म्हणणार नाही.

थॅलेसेमिया हा आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार. मायनर म्हणजे नुसता वाहक, मेजर म्हणजे सतत रक्त चढवावे लागणारा आजारी. नवरा-बायको दोघेही मायनर असले तर दर खेपेला मेजर बाळाची शक्यता 25 टक्के. तपासणीची साखळीही दोन्हीकडे तीच. आधी सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी, तिच्यात एमसीव्ही (तांबड्या पेशीचा आकार) 80 च्या खाली किंवा एमसीएच (पेशीतले हिमोग्लोबिन) 27 च्या खाली आले की एचपीएलसी, त्यात ए-टू हा हिमोग्लोबिनचा प्रकार 4 टक्के किंवा वर असेल तर वाहक, 3.5 ते 3.9 असेल तर संशयित. सिकलसेलचा एस, शिवाय डी, ई ही हिमोग्लोबिनची बदललेली रूपेही त्याच आलेखात दिसतात.

कॉलेजचे शिबिर करायला सोपे. हॉल, चार टेबले, दोन तंत्रज्ञ, एनएसएसची मुले मदतीला, की एका दिवसात दोन-अडीचशे नमुने होतात. अकरावी-बारावीची मुले घेऊ नयेत. अठराच्या खाली पालकांची लेखी संमती लागते आणि ते कागद शिबिराच्या दिवशी निम्मेसुद्धा परत येत नाहीत. पदवीचे दुसरे वर्ष बरे. ॲनिमियाचा गुंता सोडवायलाही इथे वेळ असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीप्रमाणे (एनएफएचएस-5) देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांना ॲनिमिया आहे, म्हणजे मुलींच्या यादीत एमसीएच कमी असणाऱ्या पुष्कळ निघणार. लोह कमी असले की ए-टूही थोडे खाली येते. कॉलेजात तीन महिने लोहाच्या गोळ्या देऊन संशयित रिपोर्ट पुन्हा करता येतो, घाई नसते. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे पोटात बाळ असताना कुणाला काही ठरवावे लागत नाही. नुसत्या तत्त्वाने निवड करायची असती, तर मी इथेच थांबलो असतो.

शिबिरात चुका होतात त्या दोन ठिकाणी. पहिली उन्हाची. सकाळी दहाला घेतलेली जांभळ्या बुचाची ट्यूब एप्रिलच्या उन्हात गाडीत फिरून दुसऱ्या दिवशी यंत्रावर लागली, तर तांबड्या पेशी फुगलेल्या असतात. 78 चा एमसीव्ही 81-82 दिसतो आणि खरा वाहक नॉर्मलच्या यादीत जातो. शीतपेटी हवीच, आणि उशीर झालेल्या नमुन्यात एमसीव्हीपेक्षा एमसीएचवर भर द्यावा. पेशी फुगली तरी तिच्यातले हिमोग्लोबिन तेवढेच राहते. दुसरी चूक नेस्ट्रॉफ्टची, म्हणजे मिठाच्या पातळ पाण्यात तांबड्या पेशी फुटतात का हे बघण्याच्या साध्या परीक्षेची. यंत्र नाही तिथे ही परीक्षा कामाची आहे : 0.36 टक्के बफर सलाइन 2 मिली, त्यात 20 मायक्रोलिटर रक्त, अर्धा तास थांबायचे, मग पांढऱ्या कागदावर काळी रेघ मारून ट्यूब तिच्यापुढे धरायची. रेघ स्वच्छ दिसली तर निगेटिव्ह, गढुळातून दिसेनाशी झाली तर पॉझिटिव्ह. 10 टक्के साठ्यातले 3.6 मिली घेऊन डिस्टिल्ड वॉटरने 100 मिली केले की द्रावण तयार. बाटली दिवसभर उघडी राहिली तर पाणी उडते, मीठ तीव्र होते, पेशी फुटायच्या थांबतात आणि ट्यूबमागून ट्यूब गढूळ निघते. एका दिवसात अचानक पॉझिटिव्ह वाढले तर आधी बाटली बदलून बघावी.

या दोन्ही चुका सुधारता येतात. कॉलेजच्या बाबतीत माझे मन ज्याने फिरले, ती अडचण सुधारता येत नाही. रजिस्टरमध्ये मुलीचे नाव असते वडिलांच्या नावासकट, मोबाइल असतो वडिलांचा, पत्ता माहेरचा. तीन-चार वर्षांनी लग्न होते. आडनाव बदलते, मधले नाव बदलते. कितीतरी घरांत ताटातल्या तांदळावर अंगठीने नवे नाव लिहिले जाते आणि पाळण्यातले नावही जाते. ती गरोदर होऊन दुसऱ्याच तालुक्यातल्या उपकेंद्रात येते, तिथली सिस्टर तिला कोरी पाटी समजून पहिल्यापासून सुरू करते. ‘वाहक’ असा शेरा असलेली ओळ आमच्याकडे आहे आणि ती बाई तिकडे आहे. दोघींना जोडणारा धागा नाही. आभा या सरकारी आरोग्य ओळखक्रमांकाच्या 14 आकड्यांनी तो जोडता यावा, पण कॉलेजात घाईत काढलेला आभा क्रमांक लग्नानंतर कोणाला आठवत नाही. लॅमिनेट केलेले कार्डही दिले जाते. ते कपाटात राहते, कधी मुद्दाम. मुलीत दोष आहे असे पाहुण्यांत पसरायला नको, ही भीती खोटी नाही. इराणात लग्नाआधीची तपासणी चालते, कारण तिथे दाखल्याशिवाय लग्नाची नोंद होत नाही. आधी मुलाची सीबीसी आणि तिच्यात खोट दिसली तरच मुलीची, असा क्रमही ठरलेला आहे. आपल्याकडे लग्नाआधी तो कागद मागणारे कोणी नाही. मग शिबिराच्या अहवालात ‘इतके वाहक सापडले’ हा आकडा छान दिसतो, पण आपल्याला हवी असलेली संख्या वेगळी असते : दोघांचीही तपासणी झालेली किती जोडपी. तो रकाना कॉलेजच्या रजिस्टरमध्ये भरताच येत नाही.

गरोदरपणातल्या तपासणीत तो रकाना पहिल्या दिवसापासून असतो. बाईला आरसीएच (माता-बाल आरोग्य नोंदणीचा) नंबर आहे, आशाताईला तिचे घर माहीत आहे, नवऱ्याचे नाव त्याच पानावर आहे. इथला शत्रू म्हणजे दिवस. आठव्या आठवड्याला नोंदणी आणि त्याच दिवशी सीबीसी झाली, तर एचपीएलसी आणि नवऱ्याचा नमुना धरून दहाव्या आठवड्यापर्यंत दोघांचे चित्र स्पष्ट होते आणि 11 ते 13 आठवड्यांत वारेचा तुकडा घेऊन गर्भाची तपासणी करता येते. तो काळ हुकला तर सोळाव्या आठवड्यानंतर गर्भजल. पोट उघड दिसू लागल्यावर जोडप्याला ठरवणे फार जड जाते. 2021 च्या दुरुस्तीने गर्भपाताची मुदत काही ठरावीक कारणांसाठी दोन डॉक्टरांच्या मताने 24 आठवड्यांपर्यंत गेली आहे, म्हणून ढिलाई करू नये. गर्भाच्या तपासणीची सोय मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारातल्या एनआयआयएच या रक्ताच्या आजारांवरच्या संशोधन संस्थेत आहे. दोघांचे रक्त, दोघांचे रिपोर्ट आणि आठवडे दाखवणारी सोनोग्राफी हातात घेऊनच निघावे, नाहीतर एक फेरी फुकट जाते.

म्हणून दर महिन्याच्या 9 तारखेची वाट पाहू नये. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाचा तो दिवस मुळात दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीसाठी आखलेला आहे. इथे लोहाच्या गोळ्या देऊन तीन महिने थांबणेही परवडत नाही. गोळ्या चालू ठेवायच्या आणि एचपीएलसी लगेच पाठवायची. बाईला आधी रक्त चढवले असेल तर तीन महिने तिचा आलेख भरवशाचा नसतो, तेव्हा नवऱ्याचा आधी करावा.

आता नवरा. बायकोचा रिपोर्ट आल्यावर त्याला बोलवायचे, ही पद्धत कागदावर स्वस्त आहे, प्रत्यक्षात तिच्यात दोन-तीन आठवडे जातात. खानापूर-आटपाडीचा गलाईवाला (सोने-चांदी गाळणारा) कोइमतूरला किंवा कोलकात्याला असतो, पाटण-जावळीचा माथाडी नवी मुंबईत. तो रक्त द्यायला गावी येणार नाही. त्याने जिथे आहे तिथल्या लॅबमध्येच द्यावे. फक्त ‘नॉर्मल’ अशी एक ओळ असलेला कागद स्वीकारू नये, आलेखाचे आणि ए-टूच्या आकड्याचे पान व्हॉट्सॲपवर मागावे. नोंदणीच चौदाव्या आठवड्यानंतर झाली असेल, तर दोघांचे नमुने एकदमच घ्यावेत. पहिलटकरीण सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी जाते, म्हणून निकाल रजिस्टरमध्येच न ठेवता माता-बाल संरक्षण कार्डावरही लिहावा.

ही धावपळ कॉलेजच्या शिबिरापेक्षा कितीतरी जास्त आहे, हे कबूल. तरी पारडे माझ्यापुरते इकडे झुकते. नवरा दूर असला तरी तो कोण आणि कुठे, हे आपल्याला माहीत असते. वाहकांचे प्रमाण देशाच्या अंदाजाप्रमाणे 3 ते 4 टक्के धरले, तर हजार बायकांमागे तीस-चाळीस वाहक आणि नुसत्या योगायोगाने त्यांतले जेमतेम एक जोडपे दोन्हीकडून वाहक निघते. तीस-चाळीस नवऱ्यांमधला एक सुटला, तर नेमका तोच असू शकतो.

योगायोगाचा हा हिशेब आपल्याकडे पुरत नाही, कारण मामाची मुलगी करण्याची चाल अजून आहे. बायको वाहक असेल आणि नवरा तिचा आतेभाऊ असेल, तर तोही वाहक असण्याची शक्यता केवळ नात्यामुळेच आठात एक होते. म्हणून छापील नमुन्यात नसला तरी ‘नाते’ हा रकाना हाताने आखून घ्यावा आणि अशा नवऱ्याचा नमुना बायकोच्या रिपोर्टची वाट न पाहता घ्यावा.

हजारातल्या आठशे तपासण्या मी पहिल्या नोंदणीला ठेवीन. उरलेल्या दोनशेही कॉलेजला सरसकट देण्यापेक्षा सापडलेल्या वाहकांच्या बहीण-भावंडांना, आणि नवरा वाहक निघाला तर दिरा-नणंदांना द्याव्यात. तिथे दोन भावंडांमागे एक वाहक निघतो आणि त्यातले कैक जण लग्नाचेच असतात. कॉलेज घ्यायचेच असेल तर आधी जिथे वाहकांचे प्रमाण जास्त असल्याचे माहीत आहे त्या समाजांपुरते, म्हणजे सिंधी, लोहाणा यांच्यासारख्या समाजांत, त्यांच्या मंडळांना सोबत घेऊन करावे. तिथे लग्नाआधी रिपोर्ट मागण्याची सवय लावता येते. आणि गरोदरपणाच्या रजिस्टरमध्ये नवऱ्याच्या रकान्यात ‘बाहेरगावी’ असा शेरा मारून पान उलटू नये. कोणते गाव, कोणती लॅब, रिपोर्ट कोणत्या तारखेला मागितला आणि त्या दिवशी बाईला कितवा आठवडा होता, एवढे लिहावे. पुढच्या सोमवारी फोन कोणाला करायचा हे त्यावरूनच कळते.