आमवात आणि ताट: आयजीजी तपासणी की एकेक पदार्थ सोडून पाहणं?

रुमेटॉइड आमवाताच्या गोळ्या चालू असतातच, प्रश्न उरतो ताटाचा. कशाने सांधे भडकतात हे शोधायला लोक एकतर शेकडो पदार्थांची आयजीजी (रक्तातली एका प्रकारची प्रतिपिंडं) मोजणारी रक्ततपासणी करतात, नाहीतर एलिमिनेशन डाएट, म्हणजे संशयित पदार्थ काही आठवडे बंद ठेवून मग एकेक परत आणतात. मी दोन्ही केलंय.

तपासणी सोयीची, यात वाद नाही. घरी येऊन रक्त नेतात, रंगीत रिपोर्ट फोनवर येतो. माझं बिनसलं ते त्या रंगांवरच. लाल, म्हणजे टाळायच्या, रकान्यात गहू, दूध, तूर, शेंगदाणे, म्हणजे आमचा रोजचा स्वयंपाक. हिरव्यात ब्लूबेरी, शतावरी, ट्यूना, जे आमच्याकडे कुणी खात नाही. नंतर कळलं की यात नवल काहीच नाही. जे खातो त्याविरुद्ध आयजीजी प्रतिपिंडं निरोगी माणसातही तयार होतात. म्हणूनच युरोप आणि कॅनडातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनांनी कुठला पदार्थ सोसत नाही हे ठरवायला ही तपासणी वापरू नका असं सांगितलंय. तरी तो रिपोर्ट हातात असला की घरचे प्रत्येक घासाला टोकतात, आणि लाल यादी किती दिवस पाळायची हे त्यात कुठेच नसतं.

एलिमिनेशन कंटाळवाणं आहे, खोटं कशाला बोलू. डबीतल्या हिंगातसुद्धा बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं, त्यामुळे पोळी सोडली तरी गहू फोडणीतून येतोच. लग्नसराईचं तर विचारू नका. पण सकाळी मूठ वळायला किती वेळ लागतो हे वहीत लिहीत गेलो आणि गहू निर्दोष सुटला. दुधानंतर मात्र बोटं जास्त आखडली. योगायोग असू शकतो, हा आजार आपला आपणही वर-खाली होतो. म्हणून दूध परत सोडून, परत घेऊन पाहिलं. तेच झालं. तुमचं दुसरंच काही निघेल, किंवा काहीच निघणार नाही.

गहू सोडण्याआधी सीलिॲकची (गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार) टीटीजी ही रक्ततपासणी मात्र उरकून घ्या. गहू बंद झाल्यावर ती खोटी नॉर्मल येऊ शकते. बरं वाटलं म्हणून मेथोट्रेक्सेट, म्हणजे आमवाताचं नेहमीचं औषध, स्वतःहून थांबवू नका, दुखणं कमी असतानाही सांधा झिजत राहू शकतो. वजन उतरत असेल तर एकट्याने पथ्य करू नका. आयजीजी तपासणीसाठी बाजूला काढलेले पैसे, माझं ऐकाल तर, आहारतज्ज्ञाच्या फीला द्या.